बेनामी उष्णता

नकाशात मंजिरी काळमेघने आपलं घर ओळखलं ते मागच्या भिंतीवरून.

मार्च संपत आला होता. अकोल्यातल्या त्यांच्या वस्तीची सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली होती आणि पुढच्या पडद्यावर सगळी वस्ती वरून पाहावी तशी दिसत होती. रस्त्याला लागून बंगल्यांची एक ओळ, त्यांच्या मागे लांबलचक भिंत, आणि भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांची दाट गल्ली. बंगल्यांच्या मागच्या अंगाने नारंगी पट्टे निघून भिंत ओलांडत होते. काळमेघांच्या घरातून निघालेला पट्टा सगळ्यांत गडद होता. तो सरळ जाऊन पलीकडच्या एका खिडकीत शिरत होता.

नकाशात कुणाचीही नावं नव्हती. पण मागच्या रांगेतून एक बाई शांतपणे म्हणाली, "ते आमची खिडकी होय."

मंजिरीने मागे वळून पाहिलं नाही. शेजारी बसलेला तिचा नवरा प्रफुल्ल मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असल्याचं दाखवत होता.

पडद्याजवळ डॉ. रोहिणी असनारे उभ्या होत्या. हा नकाशा ज्या शोधामुळे शक्य झाला तो त्यांचाच. साध्या सुती साडीतल्या, किंचित पुढे वाकून बोलणाऱ्या या बाई शहरात वस्तीवस्तीत जाऊन स्वतः समजावून सांगत होत्या. एसी गारवा तयार करत नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि उचलण्यासाठी जी वीज लागते तीसुद्धा शेवटी उष्णता होऊन बाहेरच पडते. आत जितकं गार होतं, त्याहून जास्त बाहेर तापतं. शहरात लाखभर मशीन रात्रभर चालली की रात्रीचा पारा खाली यायचं नाव घेत नाही. दिवसभर तापलेल्या माणसाचं शरीर रात्री निवतं, तेव्हाच ते दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसू शकतं. २०४० नंतरच्या उन्हाळ्यांत माणसं दगावत होती ती बहुतेक यामुळे. दुपारने अर्धं काम केलेलं असायचं, उरलेलं रात्र करायची.

हे सगळं आधीही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की कुणाची उष्णता कुठे जाते. हवेत सगळं मिसळून जातं, मग बोट दाखवायचं कुणाकडे? असनारेंनी त्यावर उपाय काढला. आजकालच्या एसीचा कंप्रेसर एका वेगाने चालत नाही, त्यातली चिप त्याचा वेग सारखा कमी-जास्त करत असते. त्यांनी प्रत्येक मशीनच्या चिपला एक वेगळी लय दिली. वेगातला फरक इतका बारीक, की खोलीतल्या माणसाला काहीच कळू नये. पण बाहेर पडणारी गरम हवा ती लय घेऊन निघते. विजेच्या खांबांवर बसवलेले तळहाताएवढे संवेदक हवेचं तापमान एका सेकंदात कितीतरी वेळा मोजतात. शेकडो मशीनच्या लयी त्यात एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि संगणक त्या सुट्या करतो. जत्रेच्या गोंगाटातही आई आपल्या मुलाची हाक ओळखते, तसंच हे, असं असनारे म्हणाल्या. चार-सहा घरांपलीकडे लय पुसट होत जाते, म्हणून हिशोब वस्तीपुरताच होऊ शकतो. पण वस्तीपुरता तो पक्का असतो.

एका माणसाने विचारलं, की मागच्या वर्षीची उष्णता कुणाची होती तेही कळेल का. असनारेंनी पडद्याकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, नाही, मशीनला मागचं दिसत नाही.

एप्रिलपासून मर्यादा लागू झाली. रात्री शरीर निवेल इतका पारा खाली यायचा असेल तर वस्तीने दिवसभरात किती उष्णता बाहेर टाकावी, हे ठरलं. तो आकडा वस्तीतल्या माणसांमध्ये सारखा वाटला गेला. एसी असो नसो, बंगला असो की पत्र्याची खोली, जितकी डोकी तितके वाटे. वाटा विकता येत नव्हता, कुणाला द्यायचा असेल तर ज्याचा त्याने स्वतः येऊन खांबावरच्या काचेला अंगठा लावायचा. वस्तीची मर्यादा संपली की मशीन आपोआप मंदावणार होती.

मागच्या गल्लीत एसी जवळजवळ नव्हतेच. तिथल्या लोकांनी आपले वाटे एकत्र केले आणि विहाराला लागून असलेल्या सभागृहात दोन मोठी मशीन बसवून घेतली. दुपारी गल्लीतली म्हातारी माणसं, बाळंतिणी, पोरंबाळं तिथे येऊन बसू लागली.

बंगल्यांच्या ओळीत नाराजी होती. प्रफुल्लचं टाइल्सचं शोरूम होतं. शून्यातून उभं केलेलं, आणि हे घरही त्याने तसंच बांधलेलं. आपण वीज फुकट घेत नाही, त्याने चारचौघांत सांगितलं, बिल भरतो, मग माझ्या घरात किती गार करायचं हे दुसरा कोण ठरवणार? मंजिरी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. हवेचं गणित तिला कळत होतं आणि नियम बरोबर आहे हेही पटत होतं. पण प्रफुल्लशी तिने वाद घातला नाही, कारण त्याच्या रागामागे शोरूम नव्हतं, वीज नव्हती. त्यामागे ओवी होती.

ओवी त्यांची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. एकविसाव्या वर्षी तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं. या आजारात शरीरच आपल्या नसांवरचं आवरण कुरतडत जातं. आवरण गेलेल्या नसेतून मेंदूचा निरोप कसाबसा जातो, पण अंग थोडं जरी तापलं तरी तो अडकतो. गार खोलीत ओवी काठीशिवाय चालायची, हसायची, पुस्तकं वाचायची. खोली तापली की तासाभरात तिचा उजवा पाय फरफटू लागायचा आणि अक्षरं धूसर व्हायची. पुन्हा गार केलं की हळूहळू सगळं परत यायचं. तीन उन्हाळे ती त्या एका खोलीत राहिली होती.

आजारी माणसांना दीडपट वाटा मिळत होता. आई-बाबांनी आपले वाटेही तिच्या खोलीलाच लावले आणि स्वतः पंख्याखाली झोपू लागले. तरी सगळं मिळून रात्र आणि सकाळ निघायची. दुपार उरायचीच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ओवी बाथरूममधून परत येताना पडली आणि हनुवटीला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मंजिरी भिंतीपलीकडे गेली.

अठरा वर्षं ती या घरात राहत होती, पण मागच्या गल्लीत जायचा रस्ता तिला विचारावा लागला. सगळ्यांचे वाटे सभागृहाला लावून घ्यायचं काम आणि सभागृहाची किल्ली रंजना तायडेकडे आहे, असं कुणीतरी सांगितलं. रंजना डाळ मिलमध्ये सकाळपाळीला जायची. ती नुकतीच परतली होती, केसांवर अजून डाळीचा भुगा होता. तिने मंजिरीला बसायला खुर्ची दिली आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. कोपऱ्यात खाटेवर तिचे सासरे देवराव बसले होते. उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला, गालफडं बसलेला, ताठ पाठीचा म्हातारा. समोरच्या भिंतीत एक खिडकी होती, तिच्यावर पुठ्ठा ठोकलेला होता. ती खिडकी कोणती, ते मंजिरीला बसता क्षणी कळलं.

तिने ओवीचा आजार सांगितला. गल्लीतल्या दोन-चार माणसांनी वाटे दिले तर दुपार निभेल, असं म्हणाली. हे बोलणं तिने घरून जुळवून आणलं होतं.

"पोरगी चालते काय?" रंजनाने विचारलं.

"गार असलं की चालते."

रंजनाने केसांवरचा भुगा झटकला. मग म्हणाली, "मॅडम, वाटे सगळेच हॉलले देल्ले हायत. त्यातून काढून तुमाले देले तं तिकडं मशीन मंद होते. तिथं माह्या जावेची पोरगी सातव्या महिन्यात हाय."

मंजिरीने मान हलवली आणि उठायला लागली. उठताना तिची नजर पुन्हा खिडकीकडे गेली. रंजनाने ते पाहिलं.

"माही सासू याच खोलीत गेली," ती म्हणाली. "दोन उन्हाळे झाले. खिडकी उघडली की अशी झळ ये, जसं कोनी चुलीतून फुंकर मारून रायलं. आमाले वाटलं, ऊनच तसं हाय."

"त्यामुळेच…" मंजिरीला पुढे विचारवेना.

"डाक्टर म्हने वय झालं होतं. आता ते कोन सांगनार? मी तुमचं नाव घेत नाई. तुमाले खिडकी दिसली म्हनून सांगितलं."

तेव्हा खाटेवरून देवराव पहिल्यांदा बोलले. पोरीला घेऊन हॉलमध्येच या, ते म्हणाले, तिथे गार आहे आणि एका माणसाने काही मशीन मंद होत नाही. मग त्यांनी विचारलं, तिला कॅरम येतो का.

ओवी जायला तयार होईल असं मंजिरीला वाटलं नव्हतं. ती लगेच तयार झाली. रोज बाराच्या सुमाराला मंजिरी तिला रिक्षाने विहारापाशी सोडायची आणि पाच वाजता आणायची. आपल्या वाट्यातला काही भाग ओवीने स्वतः अंगठा लावून सभागृहाला दिला. पहिले काही दिवस ती कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली. आजारपणात अर्धवट राहिलेला एमएचा प्रबंध तिने पुन्हा काढला होता. मग शेजारची पोरं लॅपटॉपमध्ये डोकावू लागली, बाया आपल्या आजारांबद्दल विचारू लागल्या, आणि देवरावांनी कॅरम मांडला. ओवीचा उजवा हात मधूनच थरथरायचा. नेम चुकला की देवराव स्ट्रायकर परत तिच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, हवा लागली, पुन्हा मार. हॉलमध्ये सगळी दारं-खिडक्या बंद असायची. ओवी घरी येऊन हे सांगताना हसायची. तिचं असं हसणं मंजिरीने खूप दिवसांनी ऐकलं होतं.

प्रफुल्लला मात्र ते सोसवलं नाही. त्याने कारणं बरीच सांगितली. गर्दीत संसर्ग होईल, येता-जाता ऊन लागेल, अभ्यास नीट होत नसेल. मंजिरीला कळत होतं की खरं कारण वेगळं आहे. आपल्या मुलीला गारव्यासाठी भिंतीपलीकडे जाऊन बसावं लागतं, हे त्याला खात होतं. शोरूममध्ये एका ओळखीच्याने सहज विचारलं, तुमची ओवी हल्ली तिकडे दिसते म्हणे. त्या दिवशी तो जेवला नाही.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी त्याने सांगितलं, की डॉक्टरांच्या शिफारशीवरून ओवीला खास सवलत मिळाली आहे. तिची खोली आता दिवसभर गार राहील. दुसऱ्या दिवशीपासून तशी ती राहू लागली. एवढी मोठी सवलत एवढ्या लवकर कशी मिळाली, असं मंजिरीच्या मनात आलं. पण तिने विचारलं नाही. महिन्याच्या शेवटी ओवीची तोंडी परीक्षा होती, ती व्हिडिओवर द्यायची होती, आणि त्यासाठी डोळे आणि डोकं दोन्ही स्वच्छ राहायला हवं होतं. ओवीने थोडी कुरकुर केली, मग परीक्षा होईपर्यंत घरीच थांबायचं कबूल केलं. कॅरमचा बाकी राहिलेला डाव परीक्षेनंतर पुरा करू, असा निरोप तिने देवरावांना पाठवला.

त्यानंतर आठवड्याभरातच सभागृहातली मशीन दुपारी तीनच्या सुमाराला मंदावू लागली.

कारण शोधायला माणसं आली तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. वस्तीच्या हवेत अशी उष्णता येत होती, जिला कसलीच लय नव्हती. संवेदकांना ती जाणवत होती, पण ती कुणाची हे सांगता येत नव्हतं. कागदोपत्री तिला 'बेनामी उष्णता' असं नाव पडलं. शहरात आणखीही काही ठिकाणी ती सापडली होती. चिप काढून टाकलेली मशीन चोरून विकली जात होती, त्यांना बाजारात 'मुकं मशीन' म्हणत. नियमात एक मोठीच चूक राहून गेली होती. मर्यादा वस्तीच्या एकूण उष्णतेवर होती, त्यामुळे बेनामी उष्णता आली की ती सगळ्यांच्या वाट्यातून सारखी कापली जायची. बंगल्यांना त्याची झळ थोडी लागली. सगळ्यांत जास्त माणसं आणि सगळ्यांत जास्त वापर सभागृहाचा, म्हणून तिथे ती आधी लागायची.

गल्लीच्या तोंडाशी युनूसभाईंचं लस्सीचं दुकान होतं. संशय त्यांच्यावर आला. त्यांनी दोन फ्रीज उघडून दाखवले, मागची खोली दाखवली, तरी लोक त्यांच्याकडे जायचे कमी झाले. हे सगळं मंजिरीला कॉलेजमध्ये एका सहकारी बाईंकडून कळलं. बाईंचं घर गल्लीच्या पलीकडच्या टोकाला होतं.

घरी आल्यावर मंजिरी चप्पलही न काढता गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीभोवती पत्र्याचा नवा आडोसा उभा केलेला होता. टाकीचं पाणी तापू नये म्हणून, असं प्रफुल्लने सांगितलं होतं. आडोशाच्या मागच्या फटीपाशी तिने हात धरला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. तिथून हवा गल्लीच्या दिशेने जात होती.

त्या संध्याकाळी ओवीच्या खोलीचं दार लावून घेऊन दोघं स्वयंपाकघरात बोलले. प्रफुल्लने काही लपवलं नाही. उलट विचारल्याबरोबर सगळं सांगून टाकलं, जणू इतके दिवस ते ओझं घेऊन तो दमला होता.

"मला एवढंच सांग," तो म्हणाला, "ती पुन्हा पडली आणि या वेळी डोकं फुटलं, तर तू त्या नकाशाकडे बघत बसशील? माझी मुलगी आहे ती, मंजू. मी तिच्या पायांसाठी काहीही करीन."

"तिकडेही कुणाची तरी माणसं आहेत."

"आहेत. मी त्यांचं वाईट चिंतलेलं नाही. पण मला आधी माझं माणूस दिसतं. तुला नाही दिसत?"

मंजिरीलाही तेच दिसत होतं. प्रफुल्लने मग अजिजीने एकच गोष्ट मागितली. बुधवारी ओवीची परीक्षा आहे, तेवढी होऊ दे. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः मशीन काढून टाकतो. मंजिरीने हो म्हटलं. तो शुक्रवार होता. मधल्या दिवसांत ती कॉलेजात जात राहिली, स्वयंपाक करत राहिली, आणि दुपारी तीन वाजले की हातातलं काम टाकून उगाच मागच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहू लागली. भिंतीपलीकडचं तिथून काही दिसत नसे.

मंगळवारी पारा सत्तेचाळीसवर गेला. सभागृहातली मशीन अडीचलाच मंदावली. दारं बंद, आत साठ-सत्तर माणसं, घटकाभरात तिथली हवा बाहेरपेक्षा वाईट झाली. लोक उठून आपापल्या घरी गेले. देवरावही गेले. रंजनाला त्या दिवशी मिलमध्ये दुपारची जादा पाळी होती. ती आली तेव्हा सासरे खाटेवर पडलेले होते, अंग कोरडं आणि तापलेलं, डोळे उघडे, पण ओळख नाही. दवाखान्यात नेलं, बर्फ लावला, सलाइन लावली. पहाटे ते गेले.

मंजिरीला बुधवारी सकाळी दूधवाल्याकडून कळलं. प्रफुल्ल तिच्या शेजारीच उभा होता. त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तो जिना चढून वर गेला, आणि थोड्याच वेळात गच्चीवरचा आवाज थांबला. मंजिरी त्याच्यामागे गेली. तो टाकीला टेकून खाली बसला होता.

"परीक्षा अकराला आहे," ती म्हणाली.

हे आपण का बोललो ते तिला स्वतःलाच कळलं नाही. सकाळचा ओवीचा हक्काचा वाटा अजून शिल्लक होता. दुपारपर्यंत तो पुरला असता, आणि पुरलाही. मुक्या मशीनची त्या दिवशी गरजच पडली नाही.

ओवीने परीक्षा दिली. मंजिरी दाराबाहेर स्टुलावर बसून मुलीचा स्पष्ट, न अडखळणारा आवाज ऐकत होती. परीक्षकांनी अभिनंदन केलं तेव्हा ओवीने दार उघडून आईला मिठी मारली. मंजिरीने तिला पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. देवराव गेल्याचं, आणि गच्चीवर काय होतं तेही. आपल्याला शुक्रवारपासून माहीत होतं, हे सांगायला ती सगळ्यांत जास्त घुटमळली.

ओवी रडली नाही. बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी तिथेच बसले असते, आई. मला तिथे बरं वाटत होतं."

तिसऱ्या दिवशी मंजिरी तायड्यांकडे गेली. प्रफुल्लही येतो म्हणाला, पण तिने त्याला थांबवलं. तो मग मर्यादा विभागाच्या कचेरीत गेला, आपलं नाव-पत्ता देऊन मशीन गच्चीवर आहे असं सांगून आला. मंजिरी गेली तेव्हा घरात चार-पाच बाया होत्या. तिने रंजनाला बाहेर बोलावलं नाही, सगळ्यांसमोरच बोलली. आवाज चढवून कुणी काही म्हटलं नाही. एक बाई उठून आत निघून गेली. रंजनाने सगळं ऐकून घेतलं.

"शुक्रवारी कळलं तुमाले," ती म्हणाली.

"हो."

"मंगळवारपर्यंत लय येळ होता."

मंजिरीने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती तिथून निघाली. गल्लीच्या तोंडाशी ती युनूसभाईंच्या दुकानात शिरली आणि त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी फक्त गल्ल्यावरचा पंखा बंद करून ते ऐकलं.

प्रफुल्लवर गुन्हा दाखल झाला. पुढे खटला चालायचा होता. घरातली सगळी मशीन सील झाली, फक्त ओवीच्या खोलीतलं राहिलं, तिच्या एकटीच्या वाट्यापुरतं. शोरूममध्ये गिऱ्हाइकं येत होती, पण ओळखीचे लोक यायचे थांबले. महिनाभरात नियम बदलला. बेनामी उष्णता सामाईक सभागृहांच्या वाट्यातून कापायची नाही, असं ठरलं. असनारेंनी जाहीरपणे सांगितलं की ही चूक आपल्या आधीच लक्षात यायला हवी होती. देवरावांना त्याचा उपयोग नव्हता.

प्रफुल्ल आणि मंजिरीचे दोन वाटे कुणीच जप्त केले नव्हते. माणसाचा वाटा जप्त करता येत नाही, असा नियमच होता. एका सकाळी दोघांनी खांबापाशी जाऊन ते सभागृहाला दिले. परत येताना प्रफुल्ल म्हणाला, की हे आपण एप्रिलमध्येच केलं असतं तर पोरगी दुपारी तिथे, रात्री इथे, सगळं निभलं असतं. गणित तर केव्हाचं मंजिरीच्याही डोळ्यांसमोर होतं.

ओवीला दुपारी घरी थांबणं आता अशक्य होतं. तिचा पाय पुन्हा फरफटू लागला होता. पण सभागृहात जायचं तिने स्वतः ठरवलं, ते पायासाठी नव्हे. तोंड लपवून घरात बसले तर त्या माणसांकडे मी पुन्हा कधी बघू शकणार नाही, असं ती म्हणाली.

मंजिरी तिला घेऊन गेली. रंजना दारात उभी होती, किल्ली हातात. आतली माणसं बोलायची थांबली. ओवी काठी टेकत पुढे झाली. रंजनाने तिच्याकडे पाहिलं, मग दार थोडं उघडून धरलं. ओवी आत गेली. मंजिरीने पाऊल उचललं तेव्हा रंजनाचा हात आडवा आला.

"तिचा वाटा इथं हाय. तिनं बसावं," ती म्हणाली. "तुमचेही वाटे घेतले मी, ते वस्तीचे हायत. पन तुमी आत नका येऊ. माह्यानं पाहवत नाई अजून."

दार लागलं. मंजिरी घरी जाऊ शकत होती. ती गेली नाही. विहाराच्या भिंतीलगत सावलीची एक अरुंद पट्टी होती, तिच्यात ती पदर डोक्यावर घेऊन बसली. दुपार वर चढली तशी सावली भिंतीत शिरत गेली. दगड तापले, घशाला कोरड पडली, कानशिलं ठणकू लागली. भिंतीच्या या बाजूची दुपार तिने आजवर पुस्तकातल्या आकड्यांमध्येच पाहिली होती.

चार वाजून गेल्यावर प्रफुल्ल मुलीला न्यायला आला. उन्हात बसलेल्या बायकोकडे पाण्याची बाटली देऊन तोही शेजारी मातीत बसला. आतून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज येत होता. कुणीतरी ओवीशी खेळत होतं.

पाच वाजता दार उघडलं. माणसं बाहेर पडू लागली. काहींनी या दोघांकडे पाहिलं, काहींनी टाळलं. ओवी शेवटी आली, काठी हातात, पण टेकलेली नव्हती. तिच्या मागे रंजना. तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि दोघांच्या समोरून जाताना जरा थांबली.

"उद्या बाराले उघडतो," ती म्हणाली. "पोरीले येळेवर आना."

आणि किल्ली कमरेला खोचून ती गल्लीत निघून गेली.